दिलीप सरदेसाई : मडगावचा मुलगा आणि ६४२ धावा

आपल्या पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेला एक मुलगा बालपणीच मुंबईला गेला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड या नावाने सर्वश्रुत झाला. त्यापूर्वी याच महालातील केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांच्या पदरी सेनानी म्हणून गाजले. गोमंतकाने गुणी माणसे जन्माला घालावीत आणि त्यांचे कर्तृत्व मात्र परमुलखात फुलावे, ही परंपरा तशी जुनीच. गायन-वादनाच्या क्षेत्रात तिची उदाहरणे एवढी आहेत की ती मोजण्याच्या भरीस कोणी पडत नाही. क्रीडाक्षेत्रात मात्र एकच नाव ठळकपणे समोर येते आणि तेही आज विस्मृतीच्या उंबरठ्यावर उभे आहे. स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय सोडून काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हे नाव माझ्या मनात प्रथम आले.

दिलीप नारायण सरदेसाई यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगाव येथे झाला. त्या काळच्या गोव्यात क्रिकेट हा खेळ नावापुरताच होता. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली येथे फुटबॉल आणला आणि तो सासष्टी-बार्देशच्या रक्तात भिनला. राज्यकर्ते पोर्तुगीज असल्यामुळे इंग्रजांचा हा पांढऱ्या कपड्यांतला खेळ इकडे रुजण्याचे कारणच नव्हते. खेळपट्टी नाही, प्रशिक्षक नाही, संघटना नाही, स्पर्धा नाहीत. अशा ठिकाणी वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत वाढलेला मुलगा पुढे अवघ्या चार वर्षांत भारताच्या कसोटी संघात दाखल होतो, ही गोष्ट क्रिकेटच्या इतिहासात फार दुर्मीळ समजावी लागेल. मुंबईच्या मुलांना शिवाजी पार्क किंवा आझाद मैदान आईच्या दुधाबरोबर मिळते. सरदेसाईंना ते सतराव्या वर्षी मिळाले.

सरदेसाई कुटुंब १९५७ साली मुंबईस आले. ते साल आपण पेडणेकरांनी जरा थांबून आठवावे असे आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या, भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमेवरची ये-जा दुष्कर झाली. बांद्याला नातलग असलेल्या पेडण्यातील घरांना लग्नकार्यालाही पलीकडे जाणे अवघड होऊन बसले होते. माझ्या आजोळी त्या दिवसांच्या कथा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. अशा वेळी गोवा सोडून मुंबईला जाणे म्हणजे शिक्षणासाठी शहर बदलणे एवढेच नव्हते, तर एक राष्ट्र ओलांडून दुसऱ्यात जाणे होते.

मुंबईत विल्सन महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तेथे मन्या नाईक या प्रशिक्षकांची नजर या मुलावर पडली. पायांची हालचाल चपळ, फिरकीला पुढे सरसावण्याची निसर्गदत्त वृत्ती. बाकी सारे घडवायचे होते आणि ते घडविले गेले. १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत सरदेसाईंनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. मग पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध विद्यापीठ संघातून पुण्याला ८७ धावा झाल्या आणि निवड समितीच्या वहीत नाव नोंदले गेले.

आता तारखांकडे पाहावे. दिलीप सरदेसाई यांनी कसोटी पदार्पण केले ते कानपूर येथे, इंग्लंडविरुद्ध. तो सामना १ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे ज्या दिवशी हा मडगावचा तरुण भारताची टोपी घालून मैदानात उतरला, त्या दिवशी त्याचे जन्मगाव अद्याप पोर्तुगालच्या अंमलाखाली होते! त्या सामन्यात त्यांनी २८ धावा केल्या आणि टोनी लॉकच्या गोलंदाजीवर स्वत:च यष्ट्यांना धक्का लावून ते बाद झाले. क्रिकेटच्या ग्रंथांत या डावाची नोंद एक क्षुल्लक, किंचित विनोदी घटना म्हणून असेल. गोमंतकाच्या इतिहासात तिला निराळे स्थान असावयास हवे होते. राजकीय मुक्तीला अठरा दिवस बाकी असताना एका गोमंतकीयाने आपण कोणाचे हे कोणतेही भाषण न करता दाखवून दिले होते. आपल्या शालेय पुस्तकांत याचा उल्लेख मला कधी आढळला नाही.

१९६२ चा वेस्ट इंडीजचा दौरा दुर्दैवी ठरला. बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला अस्थिभंग, मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया, सहकाऱ्यांनी केलेले रक्तदान हे सारे आपणा डॉक्टरांना ठाऊक असलेलेच प्रकरण आहे. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा क्रिकेटमध्ये नव्हती. त्या अपघातानंतर लगोलग झालेल्या कसोटीत त्याच मैदानावर सलामीला जाण्याची पाळी एकवीस वर्षांच्या सरदेसाईंवर आली. सलामी ही त्यांची खरी जागा नव्हे, अतिवेगवान गोलंदाजी हे त्यांचे बलस्थान नव्हे. तरीही दुसऱ्या डावात ते ६० धावांपर्यंत टिकले. नंतर लान्स गिब्जने ३८ धावांत आठ बळी घेऊन भारताचा डाव २ बाद १५८ वरून १८७ मध्ये गुंडाळला, ही पुढची कथा.

मधल्या काळाचा आढावा थोडक्यात घेतो. १९६३-६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध कानपूरला फॉलोऑन मिळाल्यावर सामना वाचविण्यात त्यांच्या ७९ आणि ८७ धावांचा मोठा वाटा होता. १९६५ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर भारताचा पहिला डाव अवघ्या ८८ धावांत आटोपला. फॉलोऑन घेऊन खेळताना सरदेसाईंनी नाबाद २०० धावा काढल्या, भारताने ५ बाद ४६३ वर डाव घोषित केला आणि शेवटी न्यूझीलंडचीच ८ बाद ८० अशी दैना होऊन पाहुणे जेमतेम वाचले. पुढच्याच दिल्ली कसोटीत पुन्हा शतक, १०६. रणजी करंडकात तर त्यांचा प्रताप अजब आहे. १९६०-६१ ते १९७२-७३ अशी तेरा वर्षे ते मुंबईकडून रणजी सामने खेळले आणि त्यांतील एकाही सामन्यात मुंबई पराभूत झाली नाही. दहा अंतिम सामने, दहाही विजय. पराभवाची चव न चाखता एवढी दीर्घ कारकीर्द संपविणारा दुसरा रणजीपटू शोधणे कठीण आहे.

इतके असूनही कसोटी संघात त्यांचे आसन कधीच निश्चित नव्हते. दुखापती झाल्या, अपयश आले, वगळले गेले. १९७०-७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी संघ निवडावयाचा होता तेव्हा सरदेसाई तिशीत होते आणि बहुतेकांच्या लेखी संपलेले होते. त्या वेळी विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले होते. सरदेसाई मला हवेतच, असा आग्रह वाडेकरांनी धरला आणि ते विमानात चढले.

मी त्या वेळी तेरा वर्षांचा होतो, पेडण्यात शाळेत जात होतो. वेस्ट इंडीजमधील दिवसाचा खेळ आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, पहाटेच्या सुमारास संपे. साहजिकच त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात धावसंख्या नसे. ती येई दुसऱ्या दिवशी, आणि आमच्या गावी वर्तमानपत्रही दुपारी. म्हणून सारी भिस्त सकाळच्या रेडिओ बातम्यांवर. शेजारच्या घरी एक मर्फीचा रेडिओ होता. बातम्यांच्या शेवटी क्रीडावृत्त येईपर्यंत आम्ही चार-पाच मुले पडवीत चिडीचूप बसत असू. क्रिकेट आम्ही माडाच्या पिड्ड्याने खेळत होतो. खरी बॅट एकाकडेही नव्हती. ज्या सकाळी ‘सरदेसाई’ हे नाव बातम्यांत आले त्या सकाळी घरमालकांनी आम्हांला सांगितले, ‘‘अरे, हो आमचो गोंयकार.’’ गोयंकार माणूस क्रिकेट खेळतो हेच आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले.

काय घडले होते किंग्स्टनला? १८ फेब्रुवारी १९७१ रोजी सुरू व्हावयाच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारत फलंदाजीस उतरला आणि ५ बाद ७५ अशी गत झाली. सुनील गावसकर दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हतेच. त्या अवस्थेत सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सहाव्या जोडीसाठी १३७ धावांची भर घातली. सोलकर म्हणजे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानाकाठच्या झोपडीत वाढलेला. आणि समोर क्रिकेटशून्य गोव्यातून आलेला सरदेसाई. खेळाच्या भाषेत ज्यांना ‘घराणे’ नाही अशा दोघांनी त्या दिवशी भारतीय डाव सावरला, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. पुढे नवव्या जोडीसाठी प्रसन्नाबरोबर १२२ धावा झाल्या. सरदेसाई २१२, भारत ३८७. परदेशात कोणाही भारतीयाने कसोटीत काढलेले ते पहिले द्विशतक होते.

वेस्ट इंडीजचा डाव २१७ मध्ये संपला. आघाडी १७०. एक दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला होता आणि फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरेशी होती. वाडेकर प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले आणि सोबर्सला त्यांनी पुन्हा फलंदाजी करण्यास सांगितले. त्यापूर्वी भारताने वेस्ट इंडीजला असे कधीच सांगितले नव्हते. सामना अनिर्णित राहिला खरा, पण दौऱ्याचा कल त्याच क्षणी पालटला असे जाणकार मानतात आणि ते मला पटते.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. जॅक नोरेगाने डावात ९५ धावांत नऊ बळी घेतले आणि तरीही त्याचा संघ हरला, कारण सरदेसाईंनी ११२ धावा केल्या, सोलकरांनी ५५ आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांनी ६५. मग दुसऱ्या डावात सलीम दुराणीने लॉइड आणि सोबर्स यांना बाद केले. भारत सात गडी राखून विजयी झाला. वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला हा पहिलावहिला कसोटी विजय.

माझ्या मते मात्र सरदेसाईंचा सर्वोत्तम डाव तो नव्हे आणि किंग्स्टनचाही नव्हे. तो ब्रिजटाउनचा. तेच मैदान, जेथे नऊ वर्षांपूर्वी त्यांना कोवळ्या वयात सलामीस ढकलले होते. वेस्ट इंडीज ५ बाद ५०१ वर घोषित. सोबर्स नाबाद १७८. उत्तरादाखल भारत ६ बाद ७०. मालिकेतली आघाडी हातची जाणार हे उघड दिसत होते. पुन्हा सरदेसाई, पुन्हा सोलकर. सातव्या जोडीसाठी १८६ धावा. सोलकर ६५ वर गेले, मागाहून इतरही गेले, आणि फॉलोऑन टाळण्यास अजून धावा हव्या असताना साथीला उरला केवळ बिशनसिंग बेदी. फलंदाजीत बेदीचा भरवसा बेदीलाही नसावा. त्या शेवटच्या जोडीने ६२ धावा जोडल्या, फॉलोऑन टळला, सामना अनिर्णित राहिला आणि मालिका भारताच्या हातून निसटली नाही. सरदेसाई १५०. विजयाच्या डावाला जग टाळ्या देते. पराभव अडवून धरणारा डाव मोजायला धावफलकाचे चार रकाने पुरत नाहीत. अतिदक्षता विभागात रात्र काढलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

मालिका संपली तेव्हा सरदेसाईंच्या नावावर आठ डावांत ६४२ धावा होत्या, सरासरी ८०.२५. तोपर्यंत एका मालिकेत सहाशे धावा कोणाही भारतीयाने केल्या नव्हत्या. विजय मांजरेकर यांच्या १९६१-६२ मधील ५८६ धावा हा उच्चांक होता. म्हणजे सरदेसाईंनी तो मोडला. परंतु त्याच मालिकेत, एक सामना कमी खेळून, एकवीस वर्षांच्या एका नवख्या मुलाने ७७४ धावा केल्या. त्यामुळे एका दौऱ्यात दोघांनी विक्रम मोडला आणि इतिहासाने एकाचेच नाव कोरले. सरदेसाईंचे परदेशातील पहिले द्विशतक हाही मान राहिला, पण सर्वोच्च धावसंख्येचा मान दोन महिन्यांतच गेला, कारण शेवटच्या कसोटीत गावसकरांनी २२० धावा काढल्या. गावसकरांची थोरवी वादातीत आहे. तरी किंग्स्टनला ते मैदानाबाहेर बसले असता ज्याने दार उघडले, त्याला द्वारपालाची भूमिका देऊन आपण मोकळे झालो, हे काही न्यायाचे नव्हे. विजय मर्चंट यांनी मात्र सरदेसाईंना भारतीय क्रिकेटच्या पुनरुत्थानाचा पुरुष म्हटले. वेस्ट इंडीजमधील प्रेक्षक त्यांना ‘सरदी-मॅन’ म्हणत, असे सांगतात. ते संबोधन मला अधिक गोड वाटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडचा पराभव झाला. त्या ऐतिहासिक सामन्यात चंद्रशेखरच्या ३८ धावांतील सहा बळींचे स्मरण सर्वांना आहे. सरदेसाईंच्या ५४ आणि ४० धावांचे स्मरण किती जणांना आहे? डिसेंबर १९७२ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध ते शेवटचा कसोटी सामना खेळले. एकूण ३० कसोटी, २००१ धावा, पाच शतके, त्यांतील तीन त्या एका दौऱ्यात.

माणूस म्हणून ते मिस्कील आणि फटकळ होते, अशी त्यांची ख्याती होती. मुंबईच्या मैदानांवर सुमार गोलंदाजीला ‘पोपटवाडी’ म्हणतात, तो शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. एखाद्या गोमंतकीयाने मुंबईच्या बोलीला शब्द द्यावा आणि तोही असा, यात मला आपल्या मातीचा खट्याळपणा दिसतो.

उत्तरायुष्यात मूत्रपिंडांनी दगा दिला. डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून ठरावीक दिवशी त्या खुर्चीवर चार तास बसणे म्हणजे काय असते, हे आपण आपल्या रुग्णांच्या चेहऱ्यांवर रोज वाचतो. आठ-आठ तास उन्हात उभे राहण्याची सवय असलेल्या शरीराला ते कसे वाटले असेल, याची कल्पना करून मी अनेकदा अस्वस्थ झालो आहे. जून २००७ मध्ये छातीच्या संसर्गामुळे त्यांना मुंबईत रुग्णालयात दाखल करावे लागले आणि २ जुलै २००७ रोजी अनेक अवयव निकामी होऊन त्यांचे निधन झाले. वय ६६. पश्चात समाजशास्त्रज्ञ पत्नी नंदिनी, पत्रकार पुत्र राजदीप आणि परिवार.

नंतर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने भारत-वेस्ट इंडीज कसोटी मालिकांतील कामगिरीसाठी त्यांच्या नावे पुरस्कार ठेवला; गोवा शासनानेही क्रीडापटूंसाठीच्या पुरस्काराला त्यांचे नाव दिले. मडगावात पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झाला तो फातोर्ड्याच्या मैदानावर, २५ ऑक्टोबर १९८९ रोजी, ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका. आणि ते मैदान मूळचे फुटबॉलचे! गोव्याचा संघ रणजी स्पर्धेत उतरला १९८५-८६ मध्ये, सरदेसाई निवृत्त होऊन बारा वर्षे उलटल्यावर. आता काळ इतका फिरला आहे की सचिन तेंडुलकरांचा मुलगा अर्जुन मुंबई सोडून गोव्याकडून खेळू लागला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीच्या मैदानावर पहिल्याच रणजी सामन्यात त्याने शतक ठोकले. १९५७ च्या उलट प्रवास. तरीही गोव्यात जन्मून भारताच्या पुरुष संघातून कसोटी खेळलेले सरदेसाई आजही एकटेच आहेत.

डिचोलीत माझा दवाखाना आहे. मागल्या पावसाळ्याच्या आधी एक चौदा वर्षांचा मुलगा पाठदुखीची तक्रार घेऊन आला. वडील पूर्वी खनिजाच्या ट्रकवर चालक होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर मिळेल ते काम करतात. मुलगा जलदगती गोलंदाज. तपासण्या झाल्या आणि कमरेच्या मणक्याला ताणामुळे बारीक तडा गेल्याचे निदान झाले. वाढत्या वयातील जलदगती गोलंदाजांत हे वारंवार दिसते. चेंडूंची संख्या मोजून टाकली नाही तर हाड जुळून येण्यास सवड मिळत नाही. चार महिने गोलंदाजी बंद, असे सांगितल्यावर त्याचे डोळे भरून आले. वडिलांनी हलक्या आवाजात विचारले, ‘‘डॉक्टर, पोराक मुंबयक धाडूंक जाय काय?’’ पूर्वी मी अशा प्रश्नाला तत्काळ होय म्हटले असते. या वेळी म्हटले की आधी पाठ बरी होऊ दे, मैदाने आता इकडेही आहेत.

पुढच्या भेटीला मी त्या मुलासाठी ब्रिजटाउन कसोटीचा धावफलक कागदावर उतरवून ठेवला होता. गोलंदाजी बंद आहे तोवर फलंदाजीचा अभ्यास कर, असे सांगून तो त्याच्या हाती दिला. ६ बाद ७० या आकड्यावर बोट ठेवून तो बराच वेळ पाहत राहिला, मग खाली सरकला आणि म्हणाला, ‘‘हा बेदी म्हणजे फिरकीवालाच ना? मग तो एवढा वेळ टिकला कसा?’’